रक्त देणाऱ्यांचा चहा

डॉक्टर मॅडमनी फॉर्मांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला, चहाच्या थर्मासला टेकवून. म्हणाल्या, "मावशी, यातला एक तरी फॉर्म काढून द्या, ज्यावर कुणी नाराज आहे."

"मला वाचायला वेळ लागतो," मी म्हटलं. मी चौथीपर्यंत शिकले आहे.

"वाचायचं नाही. चेहरे बघायचे."

जालन्याच्या आमच्या रक्तपेढीच्या फॉर्मवर पाच गोल चेहरे छापलेले असतात. पहिला खदाखदा हसणारा, दुसरा जरा कमी, मधला सरळ तोंडाचा, चौथ्याचं तोंड वाकडं आणि शेवटचा रडका. रक्त देऊन झालं की माणसाने खुणा करायच्या. नोंदणीला वेळ किती लागला, सुई टोचणाऱ्याचा हात कसा होता, चहा-नाश्ता कसा होता. प्रत्येक प्रश्नाला पाच चेहरे. खाली दोन रिकाम्या ओळी, काही लिहावंसं वाटलं तर. याला आमच्याकडे समाधान फॉर्म म्हणतात.

हा गठ्ठा भोकरदनच्या पुढच्या एका गावातल्या, मागच्या वर्षीच्या कॅम्पचा होता. गावाचं नाव सांगत नाही. मी सगळे फॉर्म पालथे घातले. सगळे हसरे. रिकाम्या ओळींत बहुतेकांनी 'छान' लिहिलं होतं.

"सगळे खूश आहेत," मी म्हटलं.

"मग अण्णांनी आज फोनवर यंदा कॅम्प नको असं का सांगितलं?"

अण्णा म्हणजे त्या गावचे मोसंबीचे बागायतदार. वडिलांच्या तिथीला ते दर वर्षी गावच्या शाळेत रक्तदानाचा कॅम्प घेत. तिथी भर उन्हाळ्यात येते. उन्हाळ्यात आमचे फ्रीज रिकामे होतात. कॉलेजं बंद असतात, लोक लग्नांत असतात, उन्हाला भिऊन कुणी येत नाही. रक्त साठवून ठेवावं तर ते महिनाभराच्या वर फार टिकत नाही. आणि थॅलेसेमियाची पोरं काही उन्हाळ्यासाठी थांबत नाहीत. त्यांच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, त्यांना दर दोन-तीन आठवड्यांनी पिशवी चढवावी लागते. अण्णांचा कॅम्प पन्नास-साठ पिशव्या द्यायचा. त्यावर आमचा मे महिना निघायचा. तो कॅम्प गेला तर पोरांच्या आयांना दारातून काय सांगायचं, हा मॅडमचा प्रश्न होता.

मी रक्तपेढीत झाडू-पोछ्याला लागले आणि पुढे चहाच्या टेबलावर आले. रिटायर झाले तरी चहाला मलाच बोलावतात, पेढीतही आणि कॅम्पलाही. काम सोपं आहे. रक्त दिलेल्या माणसाला दहा मिनिटं खुर्चीवर बसवून ठेवायचं, चहा-बिस्किट द्यायचं आणि त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवायचं. तोंड पांढरं पडलं की आडवं करायचं आणि पाय वर धरायचे.

ती दहा मिनिटं मात्र वेगळी असतात. माणूस नुकताच खाटेवरून उठलेला असतो. तिथे पडल्या पडल्या त्याने आपल्या रक्ताची पिशवी बघितलेली असते. ती एका छोट्या यंत्रावर ठेवतात आणि ते यंत्र डावीकडे-उजवीकडे हळूहळू झुलतं, म्हणजे रक्त आतल्या औषधात मिसळतं आणि गोठत नाही. ते झुलणं बघता बघता भल्याभल्यांचे डोळे मिटतात. मग तो माझ्याकडे येतो, तेव्हा अर्धा इथे असतो आणि अर्धा कुठे असतो ते त्यालाच ठाऊक नसतं. कप हातात धरून समोर बघत राहतो. एका टेंपोवाल्याने मला त्याच्या लहानपणीच्या शेळीचं नाव सांगितलं आणि मग म्हणाला, "हे मी तुम्हाला कामून सांगून राह्यलो?" एका मास्तरांना पाण्याचा आवाज येत होता. गावात पाणी नव्हतं. मी म्हटलं, "येऊ द्या. बसा." दहा मिनिटं झाली की ते सगळं उतरतं आणि माणूस चप्पल शोधायला लागतो. फॉर्म मी त्याच्या आधीच भरून घ्यायची.

अण्णांच्या नकाराबद्दल पीआरओ शिंद्यांचं मत वेगळं होतं. पीआरओ म्हणजे गावोगाव फिरून कॅम्प जमवणारा माणूस. ते म्हणाले, "मॅडम, सरळ आहे. दुसऱ्या पेढीनं प्रत्येकाला भेट म्हणून हेल्मेट कबूल केलं असणार. आपण काय देतो? मावशींचा चहा."

"माझ्या चहाला कधी वाकडं तोंड आलेलं नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं, फॉर्म समोरच होते.

मॅडम म्हणाल्या, "उद्या जाऊनच विचारू. मावशी, तुम्ही पण चला. तुम्हाला लोक बोलतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पेढीच्या गाडीतून निघालो. ऊन असं होतं की भोकरदनच्या पुढे रस्ता मधेमधे ओला दिसायचा आणि जवळ गेलं की कोरडा व्हायचा. शिंदे झोपले. मॅडम खिडकीला डोकं टेकवून होत्या. कापूस निघून गेलेली काळी रानं सरकत होती आणि मला वाटत होतं गाडी उभी आहे, रानंच जालन्याकडे चालली आहेत.

अण्णा अंगणातल्या निंबाखाली बसले होते. उठून उभे राहिले, बाजा टाकल्या, पाणी दिलं. बोलायला गोड.

"काही चुकलं का आमचं, अण्णा?" मॅडमनी विचारलं.

"बिलकुल न्हाई. सगळं बराबर झाल्तं. तुमची मानसं लई चांगली. पन यंदा ऱ्हाऊ द्या."

"सुईचा कुणाला त्रास झाला?"

"न्हाई, न्हाई."

"रक्त देणाऱ्यांची कार्डं उशिरा पोचली?"

"टायमात आली."

शिंदे म्हणाले, "हेल्मेटचं काही बोलणं झालंय का दुसरीकडं?"

"हेल्मेट घालून मी काय मोसंबीत फिरू का, शिंदे?"

हे अगदी त्या फॉर्मांसारखं चाललं होतं. तेवढ्यात अण्णांची बायको चहाचं ताट घेऊन आली. पन्नाशीची बाई. मॅडमना कप दिला, शिंद्यांना दिला, ड्रायव्हरला दिला, नवऱ्याला दिला. ताटात एक कप उरला. मी हात पुढे केला. तिने ताट मागे घेतलं.

"तुमी रक्त दिलं का?" ती म्हणाली.

"काय?"

"हा चहा देणाऱ्यांसाठी हाय."

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "अगं, पाहुण्याला असं बोलतेत का?"

"ह्या बोलल्या तवा त्यांना कोन काय म्हनलं?" मग तिने तो कप माझ्यासमोर बाजेवर ठेवला. "घ्या. माझ्या घरून कोनी कोरडं जात न्हाई."

'हा चहा देणाऱ्यांसाठी' हे वाक्य माझंच होतं. मी ते इतक्या वेळा म्हटलं आहे की कुणाला म्हटलं ते लक्षात राहत नाही. पण त्या निंबाखाली चहा गार होत असताना ते हळूहळू वर आलं. आधी निळा रंग आठवला.

रक्त घेण्याआधी बोटाला टोचून एक थेंब काढतात आणि निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडतात. ते मोरचुदाचं पाणी असतं. अंगात रक्त पुरेसं असेल तर थेंब सरळ तळाला जातो. कमी असेल तर थोडा खाली जातो, थांबतो आणि वर येतो. बुडला तर पास, तरंगला तर परत. शाळेच्या खिडकीतून ऊन त्या बाटलीवर पडलं की थेंब खाली जाताना लाल काचेचा मणी दिसतो. मी कितीदा काम सोडून बघत बसले आहे.

त्या दिवशी एक उंच बाई आली होती. साठीला टेकलेली नव्हती. अंगावर ठेवणीतलं लुगडं. तिचा थेंब वर आला. टेक्निशियन मोठ्याने म्हणाला, "रक्त कमी आहे, पुढचा या." ती जरा वेळ बाटलीकडेच बघत राहिली. मग माझ्या टेबलाशी येऊन रिकाम्या खुर्चीवर बसली आणि तिने समोरच्या भरलेल्या कपाला हात लावला. मी तो कप बाजूला सरकवला आणि म्हटलं, "हा देणाऱ्यांसाठी आहे." मागे लाइनीत पंधरा-वीस माणसं होती. ती उठली आणि ऊन होतं तिकडे गेली. मी पुढच्याला चहा दिला.

नियम माझा नव्हता. फार पूर्वी एका गावात बघ्यांनीच बिस्किटं संपवली होती आणि रक्त दिलेला एक जण चहावाचून चक्कर येऊन पडला होता. तेव्हापासून रक्त दिलं त्यालाच चहा. परत पाठवलेल्याला चहा नाही आणि फॉर्मही नाही, कारण त्याने दिलंच काय, मग त्याचं समाधान कसलं विचारायचं? असं आमचं चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"उंच बाई होती, तिचा थेंब वर आला होता," मी म्हटलं.

"ती आमची आक्का," अण्णा म्हणाले. "माझी थोरली बहीन. बदनापूरकडं दिल्याली."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरी वडिलांच्या तिथीला दारात आलेलं माणूस तोंडात काही घातल्याशिवाय जात नाही. भांडी विकायला आलेला असला तरी ताटावर बसवतात. आक्का त्या दिवशी पहिल्यांदाच रक्त द्यायचं ठरवून आली होती. बापाच्या नावाने. तिची सून लाइनीत होती, तिने सगळं बघितलं. आक्का शाळेतून तशीच एस्टीवर गेली, तिथीचं जेवलीही नाही. दिवाळीला अण्णा भाऊबीजेला वाट बघत बसले, ती आली नाही.

"बाच्या तिथीला बापाची पोर उपाशी गेली," अण्णा म्हणाले. "त्याच शाळेत मी यंदा पुन्हा बाजा कशा टाकू? आक्का आली तर कॅम्प. न्हाई तर तिथी घरातल्या घरात."

मॅडमनी फोन काढला. "त्यांचा नंबर द्या, मी बोलते."

"फोन नको," मी म्हटलं. "मी बोलले, मी जाते."

परतीच्या वाटेवर शिंदे म्हणाले, "मावशी, एका कपापायी साठ पिशव्या गेल्या की हो." हिशेब बरोबर होता.

मी एकटी गेले. बदनापूरपर्यंत एस्टी, पुढे काळी-पिवळी जीप, त्याच्या पुढे पायी. घर सापडलं. आक्का गच्चीवर कुरडया घालत होती. जुन्या लुगड्यांवर पांढऱ्या कुरडयांची चाकंच्या चाकं, एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत. डोळे उघडे ठेवता येत नव्हते. त्या पांढऱ्याच्या मधोमध ती सोऱ्या हातात धरून उभी होती आणि वाऱ्याने लुगड्याचं टोक उचललं की सगळी गच्चीच थोडी वर उचलल्यासारखी वाटायची.

"कोन?" ती म्हणाली.

"चहावाली."

तिने कपाळावर हात धरून बघितलं. "जालन्याची?"

"होय."

"मंग?"

"चहा मिळेल का, विचारायला आले."

तिने हातातली कुरडई पुरी केली. घाईने नाही. शेवटचा वेढा नीट दाबला. मग म्हणाली, "आमच्यात चहाला रक्त लागत न्हाई. चला खाली."

खाली अंधार वाटला. तिने चहा केला. दाट, लालसर, वरून आलं किसून. माझ्यापेक्षा बरा होता, पण ते मी बोलले नाही.

"माफी मागून राह्यल्या का?" ती म्हणाली.

"नियम आमचा होता. तोंड माझं होतं. तोंडाचं मी बघते."

"मला थेंबाचा राग न्हाई. थेंब माझा हाय. तुमी कप सरकवला. माझ्या सुनंसमोर."

"होय. सरकवला."

तिने आपला कप खाली ठेवला. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "अजून दिसतो मला. निजले की दिसतो. खाली गेल्ता. मला वाटलं गेला. मंग थांबला. आन् मंग माघारी आला, मला बघायला आल्यावानी."

मी म्हटलं, "अंगात लोह कमी असेल. सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. गोळ्या देतील."

"आता तुमी डाक्टर बी झाल्या का?"

"चहाच देते अजून. तिथीला या."

"आन् थेंब परत वर आला मंग?"

"मग चहा प्या."

ती हसली नाही. जाताना कुरडयांची पुडी हातात दिली. ती घेतली म्हणजे काम झालं की नाही, ते मला रस्त्याला लागेपर्यंत कळलं नाही. तेव्हा तिने गच्चीवरून हाक मारली, "अण्णाला म्हनावं, कॅम्पच्या बाजा निंबाखाली टाक. शाळेत पत्र्याखाली जीव जातो मानसाचा."

पेढीत मी सगळं जसं झालं तसं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "यापुढे जो कॅम्पला येईल त्याला चहा. थेंब बुडो नाहीतर तरंगो. आणि फॉर्म पण द्यायचा."

शिंदे म्हणाले, "बिस्किटं पुरायची नाहीत."

"जास्त घ्या."

"परत पाठवलेले वाईटच लिहिणार, मॅडम. आपले फॉर्म बिघडतील."

"बिघडू द्या. इतके चांगले फॉर्म हातात होते आणि मला काही कळलं नाही."

टेक्निशियनलाही सांगितलं, निकाल मोठ्याने ओरडायचा नाही. त्याला ते जड गेलं. त्याला सवय होती.

तिथीच्या दिवशी बाजा अण्णांच्या अंगणात निंबाखाली होत्या. आक्का आदल्या दिवशीच आली होती. महिनाभर गोळ्या घेतल्या म्हणाली. बोट पुढे केलं. टेक्निशियनने थेंब सोडला. अण्णा जवळ उभे होते, सून होती, मी थर्मास सोडून आले होते. थेंब निळ्यातून खाली गेला. अर्ध्यावर थांबला. तिथेच लटकून राहिला, वरही येईना आणि खालीही जाईना. झाडावरची पाखरं सोडली तर कशाचा आवाज नव्हता. मग तो अगदी सावकाश वर आला.

टेक्निशियन खाली वाकून हळू म्हणाला, "आक्का, अजून थोडे दिवस गोळ्या घ्या."

ती उठली आणि माझ्या खुर्चीवर येऊन बसली. ती टेकायच्या आत मी कप भरला होता. तिने तो दोन्ही हातांत धरला. रक्त दिलेलं नव्हतं तरी तिचे डोळे तसेच झाले, अर्धे इथले. शेजारच्या बाजेवर कुणाची तरी पिशवी झुलत होती. आक्का तिच्याकडे बघत म्हणाली, "बाच्या हिरीत आमी दोघं लिंबोळ्या टाकायचो. पहिले खाली जायाची, मंग वर यायाची. अण्णाला वाटायचं, खाली कोनी तरी हाय, तेच माघारी फेकून राह्यलंय."

अण्णा मागून म्हणाले, "तूच सांगितलं व्हतं मला तसं."

"मंग तू ऐकलं कामून?"

मी दहा मिनिटं मोजली. तिला कुणी उठवलं नाही. मग ती उठली आणि म्हणाली, "तो कागद कुठंय?"

फॉर्म भरायला तिने पुष्कळ वेळ घेतला. प्रत्येक चेहऱ्याकडे निरखून बघायची. संध्याकाळी अण्णांच्या घरी ताटं मांडली, आक्का पहिल्या पंगतीला होती. मॅडमनी पिशव्या मोजल्या. मागच्या वर्षीपेक्षा दोन कमी. मे महिना निघण्यासारखा होता.

गाडीत मॅडमनी फॉर्म चाळले. सगळे हसरे, परत पाठवलेल्यांचेही बहुतेक हसरेच. एक वेगळा निघाला. आक्काचा. नोंदणीला हसरा चेहरा, टोचणाऱ्याच्या हाताला हसरा. चहाला सरळ तोंडाचा. खालच्या रिकाम्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मॅडमनी वाचलं, "चहा पाणचट हाय. साखर बरी."

शिंदे इतके हसले की ड्रायव्हरने गाडी हळू केली. म्हणाले, "मावशी, मी सुद्धा इतकी वर्षं पितोय, बोललो नाही."

"का नाही बोललात?"

"तुम्हीच देता ना हातात."

रक्त दिलेला माणूस खरं सांगत नाही, कारण त्याच्या हातात आपला कप असतो. खरं ऐकायचं असेल तर ज्याला माघारी पाठवलं त्याला विचारावं, आणि त्यालाही आधी चहा पाजावा. एवढंच मी यातून शिकले. दुसऱ्या दिवसापासून मी थर्मासला दीडपट पत्ती टाकते. फॉर्मवरचे चेहरे पूर्वी हसायचे तेवढेच अजूनही हसतात.